न्हाणीवरची साडी

"दिग्दर्शन?" सरांनी माझा कागद सगळ्या वर्गापुढं धरला. "कॅमेरा कधी हातात धरलायस का? शूटिंग पेडगावला आहे, तू तिथलीच. तू भाकरी-पाण्याचं बघ."

वर्ग हसला. सरांनी लाल पेनानं माझा शब्द खोडला आणि वर लिहिलं, जेवण व्यवस्था.

परभणीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला शॉर्ट फिल्म करायची होती. या फिल्ममध्ये मला काय करायचंय, ते प्रत्येकानं एका छापील कागदावर लिहायचं. रकान्याचं नाव 'माझं ध्येय'. बाकी कुणाचं ध्येय खोडलं नाही. दिग्दर्शन ज्याला मिळालं त्यानंही कॅमेरा धरलेला नव्हता. त्याचे वडील वकील होते, तेवढं पुरलं.

फिल्म कापूस वेचणाऱ्या बायकांवर होती. मी सहावीपासून सुट्टीत आईबरोबर दुसऱ्यांच्या रानात वेचणीला जाते. बैठकीत ठरलं, बाई डोक्यावर टोपली घेऊन चालेल आणि एकेक बोंड वेचून टोपलीत टाकेल. मला राहवलं नाही.

"सर, टोपली न्हाई घेत. कमरंला ओटी बांधतेत. दोन्ही हातानं वेचावं लागतंय."

"टोपली छान दिसते," सर म्हणाले. "आणि ते न्हाई-बिन्हाई घरी ठेवून येत जा."

मी वहीत 'टोपली' लिहून घेतलं. खोटं कशाला सांगू, मार्कांची भीती होती. उलट घरी जाऊन आईलाच पटवलं. सरांना खरी वेचणारी बाई पाहिजे होती. आईला म्हटलं, ते सांगतील तसं कर.

रविवारी सकाळी सगळे जागा बघायला आणि आईची चाचणी घ्यायला आमच्या अंगणात आले. मी उठल्यापासून त्यांच्यासाठी भाकरी थापत होते. आईनं मामाच्या लग्नातली हिरवी साडी नेसली होती, पदराला पिन लावली होती. आरशात बघून ती लाजली. माझी आई लाजलेली मी तोवर बघितली नव्हती.

सरांनी तिला खालून वर बघितलं. "ही साडी नको. गरीब वाटत नाही." मग त्यांची नजर न्हाणीवर गेली. चार काठ्या, आणि आडोशाला बांधलेली आईची विरलेली, फाटकी साडी. "ती बघा. एकदम खरी. मावशी, ती सोडा आणि नेसा."

"सर, तिच्या आड आमी मायलेकी अंघोळ करताव," आई म्हणाली.

"तेच तर पाहिजे."

दिग्दर्शक पोरानं मोबाईलवर न्हाणीचं शूटिंग सुरू केलं. आई न्हाणीपाशी गेली. गाठीवर बोटं ठेवली आणि वळून हळूच मला विचारलं, "न्हाई नेसले तर तुजे मार्क जातेल का गं?"

माझ्या मार्कांसाठी ती स्वतःच्या अंघोळीचा आडोसा सोडायला निघाली होती. तिला त्या गाठीपाशी मीच आणलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझ्या घरचं जळत होतं आणि मी पाहुण्यांना भाकरी वाढायला बसले होते. सरांची चीड आली. स्वतःची त्याहून लय जास्त आली.

"जाऊ दे मार्क," मी आईला म्हटलं आणि मोबाईलच्या पुढं जाऊन उभी राहिले. "सर, ही साडी निघायची न्हाई."

"मग ग्रुपमधून तुझं नाव काढतो."

"काढा. आणि ते शूटिंग पुसा. पुसल्याबिगर कुणी जायचं न्हाई."

पोरानं पुसलं. मी डोळ्यांनी बघितलं, मगच वाट सोडली. भाकरी आईनं गल्लीत वाटून टाकल्या.

सोमवारी नवा कागद भरून सरांच्या टेबलावर ठेवला. त्याच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, एकट्यानंही फिल्म करता येईल. पहिल्या वेळी ते मी वाचलंच नव्हतं. 'माझं ध्येय' पुढं लिहिलं, दिग्दर्शन. त्याखाली लिहिलं, माझ्या फिल्ममधली माणसं काय नेसतील ते तीच ठरवतील.

सरांनी लाल पेन उचलला.

"खोडा," मी म्हटलं. "जितक्या येळा खोडाल तितक्या येळा लिहून आणीन. न्हाई-बिन्हाईसकट."

पास करतील न करतील. फिल्म मी करणार आहे. आणि न्हाणीवरची साडी न्हाणीवरच राहणार आहे.