पहिल्या दिवसाचा सूर्य

मला स्वतःला ताप भरला की ती घटना आजही आठवते. बायको गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन येते आणि मी गोळी घेण्याआधी पाकीट उलटंसुलटं करून बघतो. "साहेब निवृत्त झाले, पण संशय अजून नोकरीत आहे," असं ती म्हणते. मीही हसतो. पण त्या दोन दिवसांत मी जी भीती पाहिली आणि जी मी स्वतः पेरली, ती आठवली की हसू जागच्या जागी थांबतं. नावं कुणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा मुरबाड तालुक्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. दिवाळी उलटली होती. भाताची झोडणी संपून वाड्यावाड्यांतली माणसं वीटभट्ट्यांवर निघाली होती. आमच्या धसईच्या बाजूची बरीचशी कुटुंबं शहापूरकडे, आसनगावच्या आसपासच्या भट्ट्यांवर जातात. एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना शहापूरहून एका सहकाऱ्याचा फोन आला. भट्टीवरचा एक तरणाताठा मजूर मलेरियाने बेशुद्ध झाला होता आणि दवाखान्यात गेल्यावर दगावला होता. त्याच्या झोपडीत मलेरियाच्या सरकारी गोळ्यांची पाकिटं सापडली होती. मागे छापलेलं होतं, 'विक्रीसाठी नाही'. शेजारच्या झोपड्यांतही तीच पाकिटं निघाली. ती सगळ्यांनी भट्टीवर विकत घेतली होती. विकणारा कोण, हे कुणी सांगेना. एवढंच कळलं की माल मुरबाडकडून येतो.

पाकिटं माझ्या टेबलावर आली. प्रत्येकावर बॉलपेनने छोटे सूर्य काढलेले होते, लहान मुलं काढतात तसे, गोल आणि भोवती रेघा. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी ते बघताच ओळखले. धसईपलीकडच्या एका वाडीची आशाताई असे सूर्य काढते, असं ते म्हणाले. आशाताई म्हणजे गावातलीच बाई, सरकारने तापाची तपासणी आणि औषधवाटप यासाठी नेमलेली. वाडीत वाचता येणारी माणसं कमी, म्हणून गोळ्या कोणत्या दिवशी घ्यायच्या हे कळण्यासाठी तिची ही युक्ती होती. मला वाटलं, केस सुटली. पाकिटांना सुकटीचा बारीक वास येत होता, तो मी आमच्या हवालदाराच्या डब्यावर ढकलला. आयुष्यात माझं नाक एवढं फुकट कधी गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आम्ही वाडीत गेलो. माझी पद्धत साधी होती: आधी दरारा, मग प्रश्न. घराघरांची झडती घेतली, हाती काही लागलं नाही. कोण गोळ्या घेतो, कुणाच्या घरात किती आहेत, असं मी अंगणात उभा राहून मोठ्या आवाजात विचारलं. माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एक म्हातारा हात जोडून नुसता "नाय साहेब, नाय साहेब" एवढंच म्हणत होता. आशाताईची औषधांची पत्र्याची पेटी पंचनामा करून जप्त केली आणि तिला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

चाळिशीची, बारीक अंगाची बाई. महिला शिपायाशेजारी बाकावर बसली होती.

"गोळ्या कुणाला विकल्यास?" मी विचारलं.

"साहेब, मी नाय विकल्या. येक पन नाय."

"मग भट्टीवर चालत गेल्या?"

ती म्हणाली, "साहेब, वाडीत येक पोर तापलीय. चार वरसाची. काल सांजच्याला मला सांगितला. आज तिच्या बोटातला रगत तपासायचा होता. मला जाऊ द्या, मी परत येतो तुमच्याकडं."

अशा विनंत्या मी पुष्कळ ऐकलेल्या होत्या. कुणाची म्हैस व्यायला झालेली असते, कुणाचा बाप अंथरुणाला असतो. मी म्हणालो, "खरं सांग आणि जा." संध्याकाळ व्हायच्या आत तिला घरी सोडलं, कारण कायदा तसा आहे, आणि सकाळी पुन्हा बोलावलं. पेटी मात्र ठाण्यातल्या मुद्देमालाच्या कपाटात राहिली. रिकाम्या हातांनी ती वाडीत काय करणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तरी मी तो बाजूला सारला असता, हे आज कबूल करतो.

आता माझी खरी चूक सांगतो. हातातला पुरावा संशयिताला शेवटी दाखवायचा, असं आम्हाला शिकवलेलं असतं. त्याला अंधारात ठेवायचं, बोलू द्यायचं, मग पुरावा टेबलावर आपटायचा. म्हणून ती पाकिटं मी दोन दिवस खणात ठेवली आणि तिला फक्त दटावत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रडायचीही थांबली होती. म्हणाली, "साहेब, तुमी म्हनता माज्या गोळ्या. मला त्या येकदा दाखवा तरी."

मी पाकिटं तिच्यासमोर टाकली. तिने एक उचललं, दुसरं उचललं, सगळी ओळीने लावली आणि माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"येक सूर्य कुठाय?"

मला कळेना. तिने बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक पाकिटात तीन दिवसांच्या गोळ्यांच्या तीन ओळी असतात. पहिल्या दिवसाच्या ओळीवर ती एक सूर्य काढते, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. टेबलावरच्या प्रत्येक पाकिटाची पहिली ओळ कात्रीने कापलेली होती. दोन सूर्य आणि तीन सूर्य, एवढंच उरलेलं.

"मी घरात गोळ्या देतो तवाच सूर्य काढतो. पेटीतल्या पाकिटांवर सूर्य नाय. तुमच्याच कपाटात हायत, बगा. पैल्या दिवसाच्या मी माज्यासमोर खायला लावतो. मग ताप उतरतो. फुडच्या दोन दिवसांच्या..." ती थांबली. तिच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं. "फुडच्या वाडीतल्या मानसांनी खाल्ल्याच नाय."

मी कपाट उघडून पेटी बघितली. एकाही पाकिटावर पेनाची रेघ नव्हती. म्हणजे गोळ्या पेटीतून गेल्याच नव्हत्या. त्या घरांतून गेल्या होत्या. आणि ज्या घरांची झडती मी घेतली होती, त्यातल्याच एका घरात चार वर्षांची तापलेली मुलगी होती. मला अंगणातली भिंतीला टेकलेली माणसं आठवली. पेटी तिच्या हातात दिली आणि जीप काढायला सांगितली.

वाटेत ती एवढंच बोलली, "गाडी वड्याच्या अलीकडं ठेवा."

तरी उशीर झालाच. इंजिनाचा आवाज वाडीत पोचला होता. आम्ही ओढा ओलांडून गेलो तर एकही माणूस दिसेना. चुली धुमसत होत्या, दारं उघडी, आणि भर दुपारी एवढी शांतता की मला माझ्याच बुटांचा आवाज नकोसा झाला. आशाताईने मला थांबवलं आणि एकटी पुढे गेली. "गो, मी हाय. मी आलो. भायेर ये." मुलीच्या आईला तिने दोनदा, तीनदा हाका मारल्या. मग तो हात जोडणारा म्हातारा एका घरामागून आला. तो मुलीचा आजा निघाला.

"झडतीत दडवलेल्या गोळ्या फुडं घरात गावल्या तर पोलीस नेतील, म्हनून समद्यांनी वड्यात टाकल्या," तो म्हणाला. "त्याच्याआधी आमी बाजारातल्या सुकटवाल्याला देत व्हतो. ताप गेला की उरलेल्या गोळ्या त्याला द्यायच्या, तो वाटीभर सुकट द्यायचा. कडू गोळी बऱ्या मानसानं कशाला खायाची? आमाला काय ठावं त्याचा गुन्हा हुतो."

मुलगी कुठे आहे, असं विचारल्यावर त्याने पेंढ्याच्या उडवीकडे बोट केलं. उडवीमागे तिची आई पोरीला उराशी घेऊन बसली होती. पोरीच्या तोंडावर तिने हात घट्ट दाबून धरला होता, कण्हण्याचा आवाज माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून. पोरीचे डोळे अर्धे मिटलेले होते. क्षणभर मला वाटलं, आपण पोचायच्या आत संपलं सगळं. आशाताईने तो हात बाजूला केला, बोटातला थेंब घेतला, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "दवाखान्यात. आता."

त्या जीपमधला प्रवास मी विसरू शकत नाही. पोरीला आचके येत होते. खड्डा आला की आईचा हात पुन्हा पोरीच्या तोंडावर जायचा. मी पुढे बसलो होतो, मागे वळून "घाबरू नका" म्हणालो, तर तिने पोरीला आणखीच दाबून धरलं. ती मलेरियाला घाबरत नव्हती; मला घाबरत होती. मग मी मागे बघायचंच सोडलं.

डॉक्टरांनी सलाईन लावली, सुई दिली. म्हणाले, संध्याकाळपर्यंत आणलं नसतं तर सांगता आलं नसतं. मुलगी वाचली. पुढच्या आठवडी बाजारात धसईला आम्ही साध्या वेशात सुकटवाल्याला धरलं. त्याच्या पाटीत सुकटीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कापलेली पाकिटं होती. वाडीतून उरलेल्या गोळ्या घ्यायच्या आणि त्या भट्टीवर विकायच्या, तेही त्याच वाड्यांतून गेलेल्या माणसांना. अपुऱ्या औषधाने तिथेही ताप उतरायचा आणि काही दिवसांनी दुप्पट जोराने यायचा. जबाबात तो म्हणाला, "साहेब, फुकटच्या गोळ्या, लोक फेकूनच देनार व्हते. मी चोरी कुठं केली?" चोरी नव्हती हे खरं, पण एक माणूस मेला होता. दोषारोपपत्र मी स्वतः लिहिलं.

सरकारने औषध फुकट केलं, दारात नेलं. पण भट्टीवर ते कुणी नेत नाही, म्हणून तिथे ते विकत घ्यावं लागतं, हे त्या केसने मला दाखवलं. डॉक्टरांनी नंतर आशाताईंकडून रिकामी पाकिटं परत घ्यायची पद्धत सुरू केली आणि भट्ट्यांवरही एक फेरी लावली. मी आशाताईची माफी मागितली. ती "असू द्या साहेब" म्हणाली, पण बसली नाही, उभ्याउभ्याच निघून गेली.

माझा धडा मात्र वेगळा. भीती हे आमचं हत्यार आहे आणि ते मी वर्षानुवर्षं वापरलं. ते कुठे जाऊन लागतं, हे मी कधी बघितलं नव्हतं.

साधारण पंधरवड्याने ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, बाहेर एक बाई आहे, आत यायला तयार नाही." मी फाटकापर्यंत गेलो. ती त्या मुलीची आई होती, वाडीपासून चालत आलेली. पोर तिच्या कडेवर होती, हडकुळी, पण टक लावून बघणारी. दवाखान्यातून घरी जाताना दिलेल्या गोळ्यांचं पाकीट आईने लांबूनच वर धरलं. एक सूर्य, दोन सूर्य, तीन सूर्य. सगळे कप्पे रिकामे.

"साहेब, तिनी समद्या खाल्ल्या," ती म्हणाली. "येक पन इकली नाय. बगा. आमाला नेऊ नका."