शीतलच्या पेटीतली पाकिटं

काटा अठ्ठावीसवर थांबला. शीतलला उतरवून पुन्हा उभं केलं, तरी अठ्ठावीसच. सहा महिन्यांपूर्वीच्या कार्डावर माझ्याच अक्षरात तोच आकडा होता. उंचीही तीच.

मी शालेय आरोग्य पथकात डॉक्टर. पडेगावकडच्या या मुलींच्या वसतिगृहात वर्षातून दोनदा तपासणीला जाते. शीतल पंधरा वर्षांची, दिसायला अकराची.

"पाळी येते का गं?"

"येती की, मॅडम. दर महिन्याला."

वॉर्डन मंगलताईंनी रजिस्टर पुढं केलं. "ही बघा तिची सही. दर महिन्याला पॅडचं पाकीट नेती."

मागच्या दोन्ही खेपांना याच सहीवर मी 'नियमित' लिहून मोकळी झाले होते. या वेळी हात उचलेना. मुलगी वयात येताना आधी झपाट्यानं उंच होते, अंग भरतं, मग पाळी येते. इथं उंची जागच्या जागी आणि पाळी मात्र वेळेवर! स्वतःचाच राग आला.

मनगटाचा एक्स-रे काढला. त्यावरून हाडांचं वय कळतं. शीतलचं निघालं बारा. रक्त कमी होतं, बाकी आजार सापडला नाही. पोटाला पुरेसं मिळालं नाही की शरीर वयात येणं पुढं ढकलतं. पण मेसमध्ये तर भाकरी, डाळ, अंडं, सगळं होतं.

रिपोर्ट घेऊन पुन्हा वसतिगृहात गेले. मंगलताईंना बाहेर थांबवलं.

"मी रागावणार नाही. खरं सांग."

तिनं कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. आत पॅडची पाकिटं. एकही फोडलेलं नव्हतं.

"सगळ्या पोरींना आली, मीच राहिले. त्या कोपऱ्यात बोलत बसत्यात. मी गेले की गप्प. तू लहान हायेस, जा म्हणत्यात. मंग मी बी सांगितलं, आली म्हणून."

"मग घेतलं त्यांनी तुला आपल्यात?"

"नाय. खोटारडी म्हणत्यात."

"आणि जेवण?"

"मेसमधी एकटीच बसते. घास उतरत नाय. अर्धी भाकर खाऊन उठते."

मला माझं ताट आठवलं. नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली. मुकुंदवाडीच्या फ्लॅटमध्ये मीही एकटीच जेवते, एका पोळीवरच उठते.

मंगलताईंना सांगितलं, "लोहाच्या गोळ्या चालू करा. आणि रोज तिच्या शेजारी तुम्ही जेवायचं."

"माझं ताट तर खोलीत येतं, मॅडम."

"आता मेसमध्ये येईल."

तोंड वाकडं केलं, पण बसल्या. महिनाभरात आणखी दोघी मुली त्या पंगतीत आल्या. वर्षभरानं काटा छत्तीसवर गेला. पुढं काही महिन्यांनी मंगलताईंच्या फोनवरून शीतल बोलली, "मॅडम, पेटीतलं पहिलं पाकीट फोडलं."

आमच्या फॉर्मवर 'जेवताना शेजारी कोण बसतं?' असा रकाना नाही. मी तो समासात पेनानं लिहिते आणि प्रत्येक मुलीला विचारते. मला अजून कुणी विचारलेलं नाही.