लेट बसमधले भाऊजी

न बोलावता कुणाकडे जाऊ नये, असं आमची आई सांगायची. आमच्या भाऊजींचं सगळंच उलटं. बोलावलं की ते जात नाहीत, आणि बोलावलं नाही की गेल्याशिवाय राहत नाहीत. बर्मिंगहॅममध्ये असं एकही दार नसेल, ज्यातून भाऊजींनी एकदा तरी डोकावून "हॅलो, काय चाललंय?" असं विचारलं नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान; मी त्यांच्याच घरी राहते. जन्म वाईजवळच्या खेड्यातला आणि नोकरी इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. ताई म्हणते, माणसाच्या आत डोकावायची सवय त्यांना तिथेच लागली, आणि रिटायर झाले तरी ती सुटली नाही. कौन्सिलवाल्यांनी रस्ता खणला की हे काठावर उभे राहून त्यांना सूचना देतात. शेजारच्या इंग्लिश आजीबाईंच्या नातीचं लग्न होतं, तर हे दारातला मांडव कसा उभारतात ते बघायला म्हणून गेले आणि जेवूनच आले. तिथे नवऱ्यामुलाच्या काकांनी ह्यांना डॉक्टर समजून पाठीचं दुखणं सांगितलं. भाऊजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक एक्स-रे काढून घ्या." काका अजून नाताळला कार्ड पाठवतात.

बँडमध्येही ते असेच शिरले. आमची मराठी मंडळी दर गुरुवारी एका चर्चच्या मागचा हॉल घेऊन भजन करतात. भाऊजी पखवाजावर, ताई पेटीवर, आणि मी मागच्या रांगेत टाळ घेऊन, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी. एका गुरुवारी पलीकडच्या खोलीत धाडधाड सुरू झालं. भिंत हलायला लागली. फंक म्हणतात त्या वाजवण्याला, हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी वाटलं की लग्नातल्या बँडला थंडी भरून ताप आलाय. आमच्या मंडळाच्या प्रमुख म्हणजे एक डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, "कुणीतरी जाऊन त्यांना प्लीज हळू वाजवा म्हणून सांगा बरं." भाऊजी तयारच होते. ते उठले, आणि जाताना पखवाज काखेत मारून गेले. तेव्हाच आम्हाला समजायला हवं होतं.

आम्ही वाट बघत बसलो. आवाज कमी झाला नाही. थोडा वेळ थांबला, कुणीतरी खो खो हसलं, आणि मग पहिल्यापेक्षा मोठा झाला. त्यात आता आमचा पखवाज होता. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. उरलेले अभंग आम्ही नुसत्या टाळांवर उरकले.

भाऊजी घरी आले ते लहान मूल जत्रेतून येतं तसे. मला म्हणाले, "अहो मेहुणीबाई, त्यांचीही सम आहे! आपण कसे हिंडून फिरून पहिल्या ठोक्यावर येतो, तसेच तेही येतात. पहिला ठोका म्हणजे त्यांचा देव. बाकी नुसता प्रसाद. मग मी तिथे परका कसा?"

ताई म्हणाली, "समेवर येता ते ठीक आहे. जेवायला वेळेवर येणार का, तेवढं सांगा."

बँडचं नाव होतं 'लेट बस'. ताईला नावातच अवलक्षण दिसलं. त्यांचा मुख्य डॅरेन. चार जाड तारांची गिटार वाजवायचा आणि एरवी लोकांचे बॉयलर दुरुस्त करायचा. एक ट्रम्पेटवाली उंच मुलगी, एक ड्रमवाला, आणखी दोघं-तिघं. ते तेव्हा एका पबच्या कोपऱ्यात वाजवत. ऐकायला काही म्हातारे असत आणि एक कुत्रं. म्हातारे आपापल्या ग्लासात बघत बसत, आणि कुत्रं दाराकडे. भाऊजी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा दोन टेबलं जोडून, वर चादर घालून मांडी ठोकून बसले. डॅरेनने त्यांना खुर्ची दिली होती, तर त्यावर त्यांनी आपले बूट नीट काढून ठेवले.

पखवाजाचं एक असतं. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा कुठे तो खोल, पोटातून बोलतो. ही कणीक भिजवायचं काम माझ्याकडे आलं. पोळ्यांच्या कणकेपेक्षा जरा सैल, मीठ नाही, तेलाचा हात नाही. बर्मिंगहॅमभर दुकानं असून भाऊजींना त्यासाठी पीठ लागायचं लंडनमधल्या वेम्बलीच्या ईलिंग रोडवरचं. "इथलं पीठ पोळीला चांगलं आहे, पण त्याला आवाज नाही," असं ते म्हणत. मग कुणी लंडनला निघालं की ताई हळूच त्यांच्या नजरेआड व्हायची, कारण पिठाची गोणी आणायला सांगायची वेळ तिच्यावर यायची. मी एकदा इथलंच पीठ भिजवून दिलं. भाऊजी कार्यक्रमाहून आले ते गालात हसत म्हणाले, "आज वेम्बलीनं काय आवाज दिला!" मी डबा धुवायला घेतला.

बँडचं नाव व्हायला लागलं तसे ते मोठ्या थिएटरात वाजवू लागले. तिथे दारावर पिशव्या तपासतात. भाऊजींच्या पिशवीत डबा, डब्यात कणकेचा गोळा. दारावरच्या आडदांड माणसाने विचारलं, "सर, व्हॉट इज धिस?" भाऊजी छाती काढून म्हणाले, "बेस." म्हणजे खर्जाचा आवाज. त्याला ते कसल्याशा नशेच्या मालाचं नाव वाटलं; त्याने मागे सरून हातमोजे घातले आणि आणखी दोघांना बोलावलं. मी मागे उभी होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी डॅरेन धावत आला आणि म्हणाला, "इट्स ओके, दॅट्स आवर साउंड!" त्या माणसाने गोळ्याला कान लावून बघितला, खोटं नाही सांगत.

पुढे तर लोकच कणीक घेऊन यायला लागले. पुढच्या रांगेतली पोरं-पोरी गोळे उंच धरून नाचायची. एका मुलीने आपला गोळा स्टेजवर दिला, तर भाऊजींनी तो चिमटीत घेऊन दाबून पाहिला आणि परत केला. "मैदा आहे," म्हणाले. तिला काही कळलं नाही, पण ती आनंदाने किंचाळली.

मात्र लेट बसचं खरं नाव झालं ते भाऊजींच्या एका चुकीमुळे. भजनात गजर कसा होतो? सावकाश सुरू करायचा, मग हळूहळू चढवायचा, आणि शेवटी असा धावायचा की टाळ दिसेनासे होतात. भाऊजींच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नाही. या फंकवाल्यांचं तसं नसतं. त्यांची लय सुरू झाली की शेवटपर्यंत तीच, घड्याळासारखी. भाऊजींनी पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात गाणं चढवायला घेतलं. ड्रमवाल्याने डोळे वटारले. डॅरेनने मान हलवून खुणावलं. भाऊजींना वाटलं शाबासकी देतोय, म्हणून त्यांनी आणखी चढवलं. ट्रम्पेटवाली लालबुंद झाली. पण समोर काय झालं म्हणता! बसलेले लोक उठले, उठलेले नाचले, आणि गाणं संपलं तेव्हा ट्रम्पेटवाली जमिनीवर बसून हसत होती. लेट बसची गाणी चालत निघतात आणि धावत पोचतात, असं लोक म्हणू लागले. ती रेडिओवर लागली. परगावची बोलावणी यायला लागली. भाऊजींना पहिल्यांदाच कुणीतरी सारखं बोलावत होतं, आणि आश्चर्य म्हणजे ते जातही होते.

ताई वरवर चिडायची. "ह्या वयात माणसं गुडघ्यांना तेल लावून घरी बसतात, आणि हे पोरांच्या व्हॅनमधून केंब्रिजला निघालेत!" पण व्हॅन निघेपर्यंत खिडकीतून हलायची नाही. एकदा मला म्हणाली, "अगं, हॉस्पिटल सोडल्यापासून ह्यांना एवढं जिवंत मी पाहिलं नव्हतं. हे बंद पडलं तर माणूस खचेल बघ माझा." त्या दिवसापासून मी मनात कुठेतरी घाबरूनच कणीक भिजवत असे.

मग रेकॉर्डवाली बाई आली. लंडनहून. गाणी रेकॉर्ड करून ती सगळ्या जगात ऐकू जातील असं बघायची. तिने लेट बसचं वाजवणंच बदलायला घेतलं. गिटार मऊ केली, ट्रम्पेट कमी केलं, त्यात कॉम्प्युटरचे चकचकीत आवाज घातले, जसे पावसाचे थेंब काचेवरून घरंगळावेत तसे. खोटं कशाला बोलू, ऐकायला गोड होतं. पण त्यात सगळ्यांच्या कानात एक यंत्र असायचं, आणि त्यात टक टक असा ठोका. त्या ठोक्याला धरून सगळ्यांनी वाजवायचं, केसभर पुढे नाही की मागे नाही.

भाऊजींनी ते कानात घातलं आणि काढलं. "कुणीतरी दार वाजवतंय सारखं. उघडू का?" सगळे हसले. पुन्हा घातलं. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात भाऊजी निघाले. बाईने थांबवलं, पुन्हा सुरू केलं, भाऊजी पुन्हा निघाले. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही ठोक्याच्या पुढे जाताय." भाऊजी म्हणाले, "नाही हो, तो मागे राहतोय बिचारा." संपूर्ण दुपार त्यात गेली. शेवटी तिने एक युक्ती काढली. भाऊजींनी नुसता एक 'धा' वाजवायचा आणि थांबायचं. मग एक 'धिं'. मग एक 'ता'. एकेक ठोका वेगळा घेतला. आता ते कॉम्प्युटर जोडणार, हवा तिथे, हव्या त्या वेगाने. घरी येऊन भाऊजी म्हणाले, "माझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली. वाक्यं ते करणार."

त्यावर कुणी हसलं नाही. बाराखडी मिळाल्यावर मास्तर कशाला हवा, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

दोन रविवार गेले आणि डॅरेन घरी आला. आधी फोन करून आला, इथेच ताईने ओळखलं. एरवी तो सरळ मागच्या दाराने येऊन "आंटी, काही खायला?" म्हणायचा. त्या दिवशी पुढचं दार वाजवलं. मी थालीपिठं लावत होते. तो टेबलाशी बसला, आणि एकामागून एक खात राहिला. हवेबद्दल बोलला. आमच्या बॉयलरबद्दल विचारलं, उठून तो तपासलाही. त्यात काही बिघाड नव्हता. पुन्हा येऊन बसला. भाऊजींकडे बघायचा, तोंड उघडायचा, आणि थालीपीठ घालायचा.

भाऊजी समोर खुर्चीवर त्यांच्या नेहमीच्या सवयीने मांडी घालून बसले होते. जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डॅरेनराव, मलाच तुझ्याशी बोलायचं होतं. वाईट वाटून घेऊ नको. मला आता हे जमणार नाही. गुडघे गेले माझे. मांडी म्हणून घालता येत नाही."

डॅरेनने टेबलाखाली बघितलं. खुर्चीवर मांडी अशी पक्की घातलेली, की देवळातल्या मूर्तीने बघून शिकावी. ताईने माझ्याकडे बघितलं, मी तव्याकडे. डॅरेनच्या ओठांपाशी आलेलं काहीतरी तिथेच थांबलं. मग तो उठला, भाऊजींना खुर्चीसकट मिठी मारली, आणि म्हणाला, "टेक केअर ऑफ द नीज, बाऊजी." भाऊजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तीही जरा जोरातच.

तो गेल्यावर ताई म्हणाली, "अहो, गुडघे कधीपासून दुखायला लागले?"

"आत्ताच. त्याचं तोंड बघून."

"इतकी वर्षं कुठे कुठे न बोलावता शिरलात, आणि निघालात तेही कुणी जा म्हणायच्या आत."

"अगं, त्या पोरानं सात थालीपिठं खाल्ली. आठवं खाल्लं असतं तर अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली असती."

ताई उठली. पाणी प्यायला म्हणून आत गेली.

ह्या उन्हाळ्यात लेट बसचा लंडनमधल्या एका मोठ्या बागेत कार्यक्रम होता, भर दुपारी, उघड्यावर. डॅरेनने आम्हा तिघांना पास पाठवले, आणि पुढच्या बाजूला बसायला खुर्च्याही ठेवल्या होत्या. केवढी गर्दी! तरणी पोरं, खांद्यावर लेकरं घेतलेली माणसं, आमच्यासारखी म्हातारीही. स्टेजवर सगळे चकचकीत कपड्यांत. मध्ये जिथे टेबलांवर चादर घालून भाऊजी बसायचे, तिथे एक छोटं काळं यंत्र होतं. डॅरेन माईकवर काहीतरी म्हणाला, त्यात 'बाऊजी' तेवढं मला कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी मागे वळून बघितलं, कोण बाऊजी आलेत ते बघायला.

आणि मग तो 'धा' आला. बागेवरून, झाडांवरून, एवढा मोठा की छातीत लागला. ताईने भाऊजींच्या हाताला हात लावला. "तुमचाच ना?"

"हात माझाच आहे," भाऊजी म्हणाले. जरा ऐकलं. "पण वळण लावलंय त्याला. बघ कसा शहाण्यासारखा चालतोय."

ते रागाने म्हणत नव्हते. नातवंडाला शाळेच्या गणवेशात पहिल्यांदा बघावं तसे बघत होते. हजारो माणसं त्या ठोक्यावर एका लयीत डोलत होती, पुढे नाही, मागे नाही. भाऊजींचे हात मांडीवर होते. पहिल्या कडव्याला बोटं सगळ्यांबरोबर हलली. दुसऱ्या कडव्याला जरा पुढे गेली. ताईने बघितलं. मला वाटलं, आता कोपर मारून म्हणेल, अहो, लोक बघतायत. ती काही बोलली नाही. तिची नजर त्या बोटांवरच होती, आणि थोड्या वेळाने तिची मान त्यांच्याबरोबर हलायला लागली. बोटं चढत गेली, धावायला लागली, कपाळावर घाम आला. मग भाऊजींनी मांडीवर तोच बोल तीनदा वाजवत तिहाई घेतली, समेवर थाप मारली आणि हात थांबवले.

गाणं अजून अर्ध्यावरच होतं. भाऊजींनी रुमाल काढून तोंड पुसलं, आणि बाकीचे यायची वाट बघत बसले.