साइडकारमधलं गिऱ्हाईक

मी नवा मास्तर होतो आणि जुन्या मोटारसायकलींचं मला वेड होतं. कसबा बावड्यात एकाकडे महायुद्धाच्या काळातली साइडकारवाली गाडी विकायला आहे असं कळलं, म्हणून रविवारी गेलो. साठीचे, धोतरातले गृहस्थ अंगणात गाडीची टाकी पुसत होते.

"बसा की पावणं, आधी चालवून दावतो," म्हणत त्यांनी मला साइडकारमध्ये बसवलं. वाटेत गिरणीतून दळण घेतलं, ते माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हशीसाठी पेंड घेतली, ती पायाशी आली. भेटेल त्याच्यापाशी गाडी थांबवून ते सांगत, "गिऱ्हाईक हाय." लोक मला हसून नमस्कार करत.

परतल्यावर अंगावरचं पीठ झटकत मी किंमत विचारली.

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचं वजन कमी हाय. वळणावर गाडीच तुमास्नी वढून न्हील."

मी हिरमुसलो. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायको म्हणाल्या, "आठ वर्सं झाली, कुणालाच देत न्हाईत."

"इकून टाकली," गृहस्थ बशीत चहा ओतत म्हणाले, "तर रविवारचं आपल्या दारात कोण येणार?"

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो.