परिषदेची बारा पत्रे आणि अकरा दहाचा मुहूर्त

परिषदेला येणाऱ्या माणसाला परिषदेच्या किती दिवस आधी गाठावे, हा प्रश्न मी एका हिवाळ्यात अभ्यासायला घेतला. प्रश्न माझा नव्हता, माझ्या धाकट्या बहिणीचा होता. मी नुकताच शिक्षकी पेशातून निवृत्त होऊन अमडापूरला राहत होतो, आणि चाळीस मुलांच्या वर्गाला वेळापत्रक लावून दिलेल्या माणसाला बारा व्यापारी जड जाणार नाहीत, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

बहीण उंद्रीला दिलेली. ते बीटी कापसाचे दिवस होते. बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही असा भरवसा छापलेला असे, आणि बोंड फोडले की आत अळी निवांत बसलेली सापडे. बहिणीने चौदा बायांचा गट केला होता. त्या खताच्या रिकाम्या गोण्यांऐवजी सुती झोळ्यांत कापूस वेचत, डोक्याला घट्ट फडके बांधत, कवडी म्हणजे किडका कापूस वेगळा काढत. त्यामुळे त्यांच्या मालात प्लॅस्टिकचा धागा नसे, केस नसे, पाचोळा नसे. पण गाडी जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात रिकामी झाली की हा सगळा नीटनेटकेपणा इतरांच्या ढिगात मिसळून जाई. या हंगामात एका तरी जिनिंगवाल्याने त्यांच्या मालाचा वेगळा ढीग लावला नाही, तर गट मोडायचा आणि पुन्हा गोण्या घ्यायच्या, असे बायांनी ठरवले होते.

खामगावला दरवर्षी कापूस परिषद भरे. आदल्या वर्षी बहीण तिथे टोपली घेऊन दिवसभर बसली होती. तिच्यापाशी एकच व्यापारी थांबला, आणि त्याने मुतारी कुठे आहे ते विचारले.

"औंदा मी नुसती बसणार नाही," ती मला म्हणाली. "आधीच सांगून ठेवू त्याहीले. येणाऱ्यांची यादी मिळाली आहे मले. तू पत्र लिव."

मी यादीतून बारा जिनिंगवाले निवडले आणि पत्राचा मसुदा केला. त्यात मालाचे सात गुणधर्म क्रमाने दिले होते, आणि शेवटी पाच प्रश्न होते, ज्यांची उत्तरे पाहुण्याने येताना लिहून आणावीत अशी विनंती होती.

बहिणीने ते वाचले. "दादा, हे आवतन आहे का सहामाहीचा पेपर? इतके मोठे मोठे लोक तुह्या परीक्षेले काऊन बसतीन?"

मी प्रश्न गाळले. गुणधर्म मात्र ठेवले. माहिती अपुरी देणे मला पटत नाही. शिवाय सर्व पाहुणे एकदम आले तर गर्दी होईल, म्हणून प्रत्येकाला बारा मिनिटे नेमून दिली: ओळखीला चार, माल पाहायला पाच, शंकांना तीन. पहिल्याची वेळ अकरा वाजून दहा मिनिटे, दुसऱ्याची अकरा बावीस, तिसऱ्याची अकरा चौतीस. शेवटच्याची पाळी एक बावीसला येत होती. तास बदलल्याचे कळावे म्हणून घरातली पितळी घंटा सोबत न्यायची, अशीही नोंद मी केली.

मजकूर घेऊन मी चिखलीला एका छापखान्यात गेलो. मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"मास्तर, अकरा बाईस? अकरा चौतीस? ये मुहूर्त किसने निकाला?"

"हा मुहूर्त नाही. हे नियोजन आहे," मी म्हणालो.

"नियोजन तो ठीक है. पर इतका मजकूर साध्या कारडावर बसणार नाही. लग्नाचं जाड कारड शिल्लक आहे माह्याकडं. सोनेरी आहे. निम्म्यात देतो."

कार्डावर वर एक ठसठशीत कलश होता. मला तो शुभ वाटला. तारीख, वेळ आणि परिषदेचे स्थळ ठळक अक्षरांत घेतले. परिषद एका मंगल कार्यालयात होती. खामगावात तेवढी मोठी दुसरी जागा नव्हती. उरलेल्या जागेत सात गुणधर्म बसवायचे, म्हणून चाचांनी ते इतक्या बारीक टाइपात लावले की मला स्वतःला ते भिंगातून तपासावे लागले. मी ते चार वेळा तपासले. एकही चूक नव्हती.

कार्डे उंद्रीला नेली तेव्हा गटातल्या बाया हळद-कुंकवाचे करंडे घेऊनच बसल्या होत्या. कोऱ्या कोपऱ्याचे पत्र घरातून बाहेर जात नाही, ते अशुभ, असे त्यांचे म्हणणे पडले. मी वेळेच्या हिशेबात गुंतलो होतो, मान डोलावली. बारा कार्डांचे अठ्ठेचाळीस कोपरे पिवळे-लाल झाले. परिषदेच्या बरोबर एकवीस दिवस आधी कार्डे पोस्टात पडली.

आठ दिवस उरल्यावर बहिणीने एकेकाला फोन केला. मी शेजारी वही घेऊन बसलो होतो.

"कार्ड भेटलं ना, शेठ? येऊन राह्यले ना?"

"हाव, येतोच!" असे बारापैकी नऊ जणांनी सांगितले. एकाने विचारले, "जेवण आहे ना?" परिषदेत दुपारचे जेवण होतेच, ती "हाव" म्हणाली. दुसऱ्याने विचारले, "घरच्याहीले आणू का?" ती म्हणाली, "आणा ना!" फोन ठेवून तिने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिले. "दादा, ते बायकोले घेऊन कापूस पाह्याले येऊन राह्यले!" मी वहीत लिहिले: प्रतिसाद उत्तम.

परिषदेच्या दिवशी आम्ही तिसऱ्या खांबापाशी टेबल मांडले. दोन टोपल्या ठेवल्या, एकीत बाजारातला कापूस, दुसरीत गटाचा. आत व्यासपीठावर भाषण चालू झाले होते. घड्याळात अकरा दहा झाले. मी घंटा वाजवली.

त्याच क्षणी दारातून एक वृद्ध जिनिंगवाले शेठ आत आले. डोक्याला फेटा, हातात टॉवेल-टोपी आणि नारळ. मागून त्यांच्या पत्नी, अंगावर जरीचा पदर. घंटा ऐकताच त्या धापा टाकत पुढे झाल्या आणि त्यांनी बहिणीपुढे तळहात पसरला.

"द्या बाई अक्षदा लवकर. लागलं वाटते!"

बहिणीला काहीच कळेना. पाहुण्या बाईचा पसरलेला हात मोकळा कसा ठेवायचा, म्हणून तिने टोपलीतला बोंडभर कापूस त्या हातावर ठेवला.

"नवरदेव कुठी आहे?" शेठ मला विचारत होते.

एवढ्यात अकरा बावीसचे शेठ वेळेआधीच पोचले. त्यांच्या हातात चकाकत्या कागदात बांधलेला स्टीलचा डबा होता. दोघांनी खिशातून कार्डे काढली.

"माह्या कार्डात मुहूर्त बावीसचा आहे!"

"असा कसा बे? माह्यात दहाचा आहे."

"सामुदायिक असन. एका मांडवात लाइनीनं लावून देऊन राह्यले."

त्या वेळी मला सारा उलगडा झाला. आमच्या भागात लग्नाचे कार्ड कोणी वाचत नाही. कोपरे पाहतात, तारीख, वेळ आणि कार्यालय पाहतात, आणि कार्ड फळीवर खोचतात. घर कोणाचे, हे मांडवात गेल्यावर कळतेच. मी लिहिलेले सातही गुणधर्म बारा घरांच्या फळ्यांवर न वाचता पडून होते.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो की चूक दिसली की लगेच कबूल करावी. म्हणून मी स्वच्छ आवाजात म्हणालो, "इथे लग्न नाही. ही कापसाच्या नमुन्यासाठी पाठवलेली पत्रे होती."

दोघा शेठांनी कार्डे उलटसुलट करून पाहिली. आतले भाषण स्पष्ट ऐकू येत होते. बहिणीचा चेहरा उतरला. तिने टोपलीवर फडके ओढायला घेतले. चौदा बायांना उद्या काय सांगायचे, तेच तिच्या मनात असणार.

"थांब बाई," शेठच्या पत्नी म्हणाल्या. एवढा वेळ त्यांच्या बोटांना चाळा चालू होता. हातातल्या कापसातली सरकी त्यांनी काढून टाकली होती आणि बाकीचा वळून त्याची वात केली होती. ती त्यांनी उजेडात धरली. "अहो, हे पाहा. एक काडी नाही, एक कण नाही. आपल्या आवारातल्या कापसाची वात करतो मी, तर अर्धा वेळ पाचोळाच वेचत बसतो. हा कुठून आणला?"

"आमच्या बायांच्या गटानं झोळीत वेचला. याचा ढीग वेगळा लावा, एवढंच मागणं आहे," बहीण म्हणाली.

शेठनी टोपलीत हात घातला. मूठ दाबून ओल पाहिली, सरकी दाताखाली फोडली, चिमटीत धागा ओढला. मग दुसऱ्या टोपलीत हात घातला आणि लगेच काढून धोतराला पुसला. मी घड्याळाकडे पाहिले; पाच मिनिटे कधीच उलटली होती. मी घंटेकडे हात नेला, तर बहिणीने ती टेबलाखाली ढकलली.

"मास्तर, तुम्ही मुलीकडचे का?" शेठनी विचारले.

"मी हिचा भाऊ."

"मंग झालं." त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला. "आणलेला आहेर माघारी नेत नसतात. आहेर केला म्हणजे सोयरीक झाली. आता सोयऱ्याचा कापूस दुसऱ्याच्या ढिगात टाकला, तर ही मले घरात घेईन का?"

"नाहीच घेणार," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "वातीपुरता आधी माह्याकडं पाठवा."

त्या हंगामात त्यांच्या आवारात उंद्रीच्या कापसाचा वेगळा ढीग लागला, आणि गट टिकला. मी त्या दिवशी घरी परतलो तेव्हा माझ्याकडे सात टोप्या, सहा नारळ आणि एक स्टीलचा डबा होता. डबा बहिणीने मागून घेतला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझे अनुमान असे की पत्र एकवीस दिवस आधी पोचवावे आणि फोन आठ दिवस आधी करावा. बारा जणांपैकी नऊ जण आले, ते याच क्रमाने. पण या अनुमानात एक उणीव आहे आणि ती लपवणे योग्य नाही. ते नऊ जण एकवीस दिवसांमुळे आले, हळद-कुंकवामुळे आले, की जेवणामुळे, हे मला वेगळे करून दाखवता आलेले नाही. तेव्हा वाचकांपैकी कोणाला अशी परिषद असेल, त्यांनी निम्मी पत्रे कोऱ्या कोपऱ्यांची आणि निम्मी कुंकू लावलेली पाठवावीत, कोण कोण येते ते मोजावे, आणि माझे म्हणणे कृपया स्वतः पडताळून पाहावे.