खंडेनवमीचे तीन बोल्ट

"काका, स्वस्तातली ॲक्शन मागणारं गिऱ्हाईक आपलं नव्हे," असं आमचा मॅनेजर मला म्हणाला, तेव्हा ते गिऱ्हाईक चार पावलांवर उभं होतं. समोरच्याला मराठी कळत नाही म्हणून त्याच्या तोंडावर काहीही बोलायचं, ही कुठली रीत? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजर ठाण्याचा, वयानं माझ्या पोराएवढा, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही. मी सातारा जिल्ह्यातला. फौजेत आर्मरर होतो, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारा. पेन्शनीत आल्यावर दोह्यातल्या या परवान्याच्या बंदुकांच्या दुकानात लागलो. पुढं शोरूममध्ये काच, एसी आणि कॉफी. मागं वर्कशॉपमध्ये मी, माझा लेथ आणि तेलाचे हात.

गिऱ्हाईक कतरीच होतं. पण आपल्या लोकांच्या डोक्यात एक खूळ बसलंय, की कतरी म्हटला की त्याच्या परसात तेलाची विहीर. अरे बाबांनो, हा माणूस जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. राहायला अल थुमामात, गाडी पोरांनी टाकून दिलेली. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला चार ठिकाणी विचारून वस्तू घ्यायची सवय असते, त्यात लाज कसली? मी त्यांना मनात मास्तर म्हणायचो आणि तोंडावर उस्ताज. ते मला अस्करी म्हणत, म्हणजे शिपाई. आमचं सगळं बोलणं हिंदीत, तेही इथल्या हिंदीत, ज्यात क्रियापदाची फार काळजी कुणी करत नाही.

मास्तरांना रायफल बनवून घ्यायची होती आणि तिचा अक्रोडाचा लाकडी दस्ता त्यांनी स्वतःच्या हातानं कोरून आणला होता. वर्षभर त्यावर खपले होते म्हणे. मी तो हातात घेतला आणि कौतुकच वाटलं. गालाला टेकायची जागा अशी जमवली होती की बस्स. नळी त्यांनी आमच्याच दुकानातून मागवली होती. राहिली होती ती ॲक्शन. रायफलीचा जो मधला पोलादी भाग असतो, ज्यात पुढून नळी बसते आणि मागून बोल्ट सरकून काडतुसामागं कुलूप लावतो, ती ॲक्शन. बाकी सगळं सुंदर असून ती खराब निघाली, तर स्फोट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर होतो.

आणि नेम धरणार होते मास्तरांचे थोरले भाऊ. दोघं भाऊ दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर रीतसर परवाने काढून परदेशात डोंगरात शिकारीला जायचे. आता थोरल्याचे गुडघे गेले होते. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, एवढा हिवाळा जा, मग डोंगर बंद. "अस्करी, पहला गोली भाई मारेगा. मेरा बनाया हुआ से," मास्तर म्हणाले. मी छातीला हात लावून म्हटलं, "इन्शाल्ला, उस्ताज. मेरा जबान."

आता मॅनेजरची बाजू ऐका. त्याला नवी कोरी, महागडी ॲक्शन खपवायची होती. ती चांगलीच होती, मी नाही म्हणत नाही. पण मास्तरांच्या आवाक्याबाहेरची. दुसरी होती नवी आणि स्वस्त. बोल्ट सरकवला की खुळखुळ्यासारखी वाजायची. ती मी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. आणि मागच्या फळीवर कापडात गुंडाळलेल्या तीन जुन्या ॲक्शन होत्या. लोकांनी नवी रायफल घेताना बदल्यात दिलेल्या, तिन्ही एकाच जातीच्या, नळ्या झिजलेल्या, पण अंगानं खणखणीत. मॅनेजर त्यांना भंगार म्हणायचा. बापजन्मात कधी बोल्ट उघडून आत बघितलं नाही, आणि म्हणे भंगार!

मी तीन दुपारी त्या तिघींवर घालवल्या. बोल्टच्या पुढं दोन दात असतात, तेच कुलूप. ते दोन्ही दात सारखे टेकतात का, गंजानं कुठं खड्डा पडलाय का, आधीच्या कुणी हुशारी करून कानस फिरवलीय का, सगळं भिंग लावून बघितलं. चकाकी बघून ॲक्शन घेणाऱ्याला मी वर्कशॉपच्या दारात उभा करणार नाही. तिघींत मधली सगळ्यात सरस निघाली.

एकच भानगड होती. फौजेत रायफलीवर जो नंबर, तोच तिच्या बोल्टवर. एकीचा बोल्ट दुसरीत घालायचा नाही. दोन्ही एकमेकांना घासून घासून बसलेले असतात. दिसायला सारखे असले तरी केसभराचा फरक जीव घेतो. इथं मात्र आधीच्या मालकांनी पॉलिश करून करून बोल्टवरचे नंबर उडवून टाकलेले. म्हणून मी अल नस्र भागातल्या एका दुकानातून नेलपॉलिशच्या तीन बाटल्या आणल्या आणि खुणा केल्या. मधल्या ॲक्शनला आणि तिच्या बोल्टला लाल कडं, बाकीच्यांना पांढरं आणि निळं. संध्याकाळी फोनवर बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, "अवो, नेलपॉलिश? तिकडं कुणाच्या नखांसाठी चाललंय?" मी म्हटलं, "आहेत तिघीजणी, रोज तेल लावतो त्यांना." हसून हसून तिला ठसका लागला.

मधल्या ॲक्शनला नळी बसवली. मास्तरांना मुद्दाम बोलावलं आणि त्यांच्यासमोर गेज लावला. गेज म्हणजे काडतुसाच्या आकाराचे दोन पोलादी तुकडे. एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. पहिल्यावर झाला, दुसऱ्यावर अडला. मास्तरांनी स्वतः बोटानं ढकलून बघितलं. "तमाम," म्हणजे एकदम उत्तम, असं म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. शेवटचं घासकाम राहिलं होतं, पुढच्या आठवड्यात रायफल घेऊन जा म्हटलं.

मधे खंडेनवमी आली. फौजेत असताना मी शस्त्रपूजा कधी चुकवली नाही आणि इथंही चुकवत नाही. उदबत्ती लावत नाही, फायर अलार्म वाजतो. बेंचवर स्वच्छ टॉवेल, गेज, पकडी, कानशी, लेथची हत्यारं, मधे हळदीकुंकवाची वाटी, भारतीय दुकानातून आणलेली झेंडूची फुलं. त्या तीन ॲक्शनही मांडल्या. बोल्ट काढून थिनरमध्ये बुडवले, घासून असे लख्ख केले की तोंड दिसावं. वाटीभोवती तिन्ही बोल्ट छान पंख्यासारखे ठेवले, हळदीकुंकू लावलं, नमस्कार केला. बायकोचा हुकूम होता, फोटो पाठवला. मग सगळं पुसून जागच्या जागी लावलं.

ठरल्या दिवशी मास्तर आले. भावासाठी मऊ पट्ट्याची, रायफल ठेवायची पिशवी घेऊन आले होते. मॅनेजरही मागं येऊन उभा राहिला. रायफल हातात देण्याआधी पुन्हा गेज लावायचा हा माझा नेम, कितीही घाई असो. पहिल्या गेजवर बोल्ट बंद झाला. दुसरा घातला, आणि बोल्ट त्याच्यावरही बंद झाला. लोण्यात सुरी जावी तसा.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. लाल कडं ॲक्शनवर, लाल कडं बोल्टवर, सगळं बरोबर, आणि कुलूप सैल. अशा रायफलीतून गोळी झाडली तर काडतूस फुटून गरम वायू डोळ्यात येऊ शकतो. म्हणजे थोरल्या भावाच्या डोळ्यात.

मॅनेजर हळूच म्हणाला, "काका, मी तेव्हाच म्हटलं होतं. जुना माल शेवटी जुनाच. उस्ताज, वो नया वाला दिखाऊं?"

झालं! माझा तोल गेला. मी मराठीतच सुरू झालो आणि मग मास्तरांना कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत आलो. आठ दिवसांपूर्वी हाच गेज यांच्यासमोर अडला होता. मग मधे काय झालं? वर्कशॉपची दुसरी चावी कुणाकडे? शुक्रवारी मी नसताना दुकान कुणी उघडलं? "तुम्हाला तुमची महागडी ॲक्शन खपवायची होती. म्हणून तुम्ही या बोल्टच्या दातांवर कानस मारलीत! साहेब, माणसाच्या डोळ्याशी खेळता?"

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, मी काही केलं नाही," एवढंच म्हणाला. "खोटं बोलू नका!" मी ओरडलो. शोरूममधली माणसं माना वळवून बघायला लागली. मास्तरांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "अस्करी, गुस्सा नहीं. मैं दो दिन बाद आता," म्हणाले आणि रिकामी पिशवी घेऊन गेले. भावांना निघायला आठवडाही उरला नव्हता.

ते दोन दिवस मी जेवणाच्या टेबलावर, बसमध्ये, जो भेटेल त्याला मॅनेजरच्या नावानं शंख करत होतो. आमच्या खोलीतल्या पोरांना माझं तेच तेच पुराण पाठ झालं. मालकाकडे तक्रार करून माझं परतीचं तिकीट काढायला त्याला एक फोन पुरला असता. त्यानं तो केला नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की चोर गप्प बसलाय.

दुसऱ्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अवो, ती तुमची नेलपॉलिशवाली बंदूक ना? मग फोटोत त्या नळकांड्यांना रंग कुठाय?"

"कसला फोटो?"

"खंडेनवमीचा. मी भावजयीला दाखवत होते की बघ, आमच्या ह्यांनी बोल्टला नेलपॉलिश लावलंय. तर तिन्ही कोरेच. ती मलाच हसली."

मी फोटो उघडला. तीन बोल्ट, वाटीभोवती पंखा. चकचकीत, कुंकवाचे ठिपके लावलेले, आणि एकावरही कडं नाही. थिनर! नेलपॉलिश दुसऱ्या कशानं जातं? पूजा झाल्यावर मी बाटल्या काढून कडी पुन्हा रंगवली होती, हे मी विसरलो नव्हतो. कुठला बोल्ट कुठला हे मला आठवतच होतं, हाताला कळतंच होतं, इतक्या वर्षांचा आर्मरर मी! ते चुकू शकतं, एवढंच डोक्यात आलं नव्हतं. देवापुढं चांगलं दिसावं म्हणून पंखा मांडला आणि रांग मोडली. च्यायला, ज्या चुकीसाठी मी नव्या जवानांना दिवसभर उन्हात उभं केलं असेल, तीच चूक. तीही पूजा करून.

सकाळी सगळ्यात आधी वर्कशॉप उघडलं. लाल ॲक्शनमध्ये पांढऱ्या कड्याचा बोल्ट घातला. पहिला गेज, बंद. दुसरा गेज, अडला. खांद्याचा जोर लावला तरी हलेना. वीस वेळा तरी केलं असेल. ॲक्शन निर्दोष होती, माझी निवडही बरोबर होती. यावेळी नेलपॉलिश बाजूला ठेवलं आणि बोल्टवर नंबर कोरला.

मास्तर आले तेव्हा मी काही लपवलं नाही. फोटो दाखवला, पूजा सांगितली, थिनर सांगितलं, गेज त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः लावून बघितला. मग नियमाप्रमाणे मागच्या चाचणीच्या खोलीत रायफल बाकाला बांधून, लांबून दोरी ओढून चाचणीची गोळी झाडली. काडतूस बाहेर काढून बघितलं, गोल गरगरीत, कुठं फुगलेलं नाही. मी म्हटलं, "उस्ताज, गलती पूरा मेरा. आप नहीं लेना चाहते तो मत लो."

त्यांनी रायफल पिशवीत ठेवली. चेन लावली. मग चाळीस वर्षं वर्गात फिरलेल्या माणसाच्या नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"मेरे को बोला, अच्छा किया," ते म्हणाले. शोरूमच्या दाराकडे मान वळवली. "उसको बोला?"

नव्हतं सांगितलं. खरं सांगतो, सांगायचा विचारही नव्हता. रायफल नीट झाली, मास्तर खूश, खलास, एवढ्यावर मी प्रकरण मिटवणार होतो. वर स्वतःची समजूत घातली होती की तसाही तो गिऱ्हाइकाला तोंडावर हिणवतोच, थोडं सोसू दे. स्वतःची अशी चीड मला फौजेत कधी आली नव्हती.

शोरूममध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोरच बोललो, कारण ओरडलो होतो तेही लोकांसमोरच. "साहेब, बोल्ट मीच बदलला. पूजेच्या दिवशी, माझ्या हातानं. तुमच्यावर खोटा आळ घेतला. मला माफ करा."

तो काउंटरमागून बाहेर आला. मग म्हणाला, "काका, शुक्रवारी मी खरंच ती रायफल बाहेर काढली होती. दोनदा बोल्ट मागं-पुढं केला. दोन दिवस मी हाच विचार करतोय, की माझ्याच हातून काही बिघडलं असेल. उस्ताजच्या भावाचा डोळा सारखा डोळ्यासमोर येत होता."

"पण काढली कशाला होती?"

"पर्लच्या बंगल्यांतनं एक बडं गिऱ्हाईक आलं होतं. त्यांना दाखवायला. म्हटलं, जुन्या मालातनं आमचे काका काय उभं करतात, बघा."

एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्यावर चिडायला मला काहीतरी हवं होतं, पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.