बराकपूरच्या मैदानावर दूध तापलं नाही

इथले भुताखेतांचे अनुभव सून मला वाचून दाखवते. त्यातले बरेचसे मला पटत नाहीत, हे आधीच सांगते. पांढरी साडी, पैंजण, मागून आलेली हाक... माझं माहेर स्मशानाच्या वाटेवर होतं. येता-जाता प्रेतं बघत मोठी झाले, मला कधी काही दिसलं नाही. एकदा हळदीकुंकवात एका बाईच्या अंगात आलं, तर मी तिला दंडाला धरून उठवलं आणि घरी पोचवून आले. शिक्षण माझं चौथीपर्यंत. पण डोळे-कान तेव्हाही शाबूत होते, आजही आहेत. जे झालं ते झालं तसं लिहिते. सुनेने फक्त टाइप केलं आहे.

साल सत्तर असावं. आम्ही कलकत्त्याला बालीगंजला राहत होतो, रेल्वे लाईनजवळ, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. हे केंद्र सरकारच्या ऑफिसात, नागपूरहून बदली होऊन आलेले. शहराचे दिवस तेव्हा बरे नव्हते. भिंतींवर नक्षलवाल्यांची लाल अक्षरं, संध्याकाळी कुठेतरी बॉम्ब फुटल्याचा आवाज, आणि सकाळी बाजार नेहमीसारखा भरलेला. ह्यांना यायला उशीर झाला की मी गॅलरीत जाऊन उभी राहायची.

माझी धाकटी बहीण कुसुम नागपूरला मुलींच्या शाळेत खेळाची टीचर म्हणून नुकतीच लागली होती. नाताळच्या सुट्टीत मुलींना कलकत्ता दाखवायचं तिच्या डोक्यात आलं. पण धर्मशाळेत उतरून नाही — तंबूत राहून. मुलींनीच तंबू ठोकायचे, मुलींनीच राखण करायची. हे शिबिर नीट पार पडलं तर तिची नोकरी पक्की होणार होती. मुख्याध्यापिका आधी नाहीच म्हणाल्या. मग कुसुमने सांगितलं की माझी सख्खी बहीण तिथे आहे, जागा ती बघेल, स्वयंपाकही तीच करेल. एवढ्या शब्दावर वीसेक मुलींच्या आईबापांनी होकार दिला. मला विचारलं कोणीच नाही. सगळं ठरल्यावर पत्र आलं — ताई, जागा तूच बघ, भाऊजींवर सोडू नकोस.

म्हणजे लोकांच्या वीस मुली माझ्या नावावर येणार. त्या पत्रानंतर मला धड झोप लागेना.

पहिली जागा बेहालाला बघितली. कुणा श्रीमंताची बाग, मधोमध मोठं तळं. पायऱ्यांवर शेवाळ. नागपूरच्या मुली, त्यात पोहता येणाऱ्या किती असणार? शिवाय फाटकाबाहेर टोळकी उभी, आम्हाला खालपासून वरपर्यंत बघणारी. ह्यांचं मोजमाप चाललं होतं, कुठे किती तंबू मावतील. मी म्हटलं, चला. आम्ही परत आलो.

मग ह्यांच्या ऑफिसातल्या घोषबाबूंनी बराकपूरचं मैदान सुचवलं. त्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाची जागा. गंगेच्या काठाला, पण काठावर भक्कम भिंत. एका बाजूला आंब्याची झाडं, हातपंप, पत्र्याची शेड, संडास. लष्कराची छावणी जवळ, त्यामुळे गडबड नाही. तंबूही तिथेच भाड्याशिवाय मिळणार होते. हरिपद नावाचा राखणदार बायकोपोरांसह आवारातच राहायचा. आम्ही एका सुट्टीच्या दिवशी सकाळी लोकलने सियालदा, तिथून गाडी बदलून बराकपूर, पुढे सायकलरिक्षाने गेलो. मी खोड काढायला गेले होते. एकही सापडली नाही. पंपाचं पाणी गोड, जमीन कोरडी, वारा बेताचा. हे खूश. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मी घरून वातीचा स्टोव्ह, पातेली आणि दूध नेलं होतं. बदलीच्या प्रत्येक घरात पाय ठेवला की आधी दूध तापवून उतू घालायचं, ही आमच्या सासूबाईंची रीत. मी ती त्यांच्या धाकाने करायची, विश्वासाने नाही. इथे तर मला फक्त एवढंच बघायचं होतं की नदीचा वारा स्टोव्ह पेटू देतो का. पण हे हसायला लागले.

"मैदानाची वास्तुशांत करतेस?"

"वीस जणींचा स्वयंपाक तुम्ही करणार आहात का?" मी म्हटलं. "मग गप्प बसा."

शेडमध्ये स्टोव्ह पेटवला. वाती सरळ, आच निळी. दूध ठेवलं आणि चहाची पूड काढून बसले. बराच वेळ झाला. हे सगळं मैदान फिरून आले. दुधावर साय नाही, वाफ नाही. पातेलीच्या काठाला बोट लागलं तर चटका बसला. म्हणून दुधात बोट घातलं — गार. बर्फासारखं नाही. माठातल्या पाण्यासारखं.

मी ह्यांना म्हटलं, बोट घाला. त्यांनी घातलं. मग म्हणाले, रॉकेलमध्ये पाणी असेल. अहो, आच दिसते आहे, भांडं भाजतं आहे! ते म्हणाले, मग वाऱ्याने. शेडमध्ये वारा तर लागतच नव्हता.

हरिपदची बायको तिथेच उभी होती. तिने पातेली उचलली, स्वतःच्या चुलीवर ठेवली आणि बघता बघता दूध वर आलं. तिची चूल त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला होती. आम्ही चहा प्यायलो. मी हरिपदला विचारलं, इथे आधी कोणी स्वयंपाक केला आहे का? तो म्हणाला, थंडीत दर रविवारी पिकनिकवाले येतात, खिचुडी, मटण सगळं इथेच करतात. काळे पडलेले दगड त्याने दाखवले. कधी काही अडचण? त्याला प्रश्नच कळला नाही.

घरी येऊन तोच स्टोव्ह, तीच पातेली... दूध उतू गेलं.

हे म्हणाले, झालं, विसर आता. मी विसरले नाही. मला वाटलं, आपल्याकडून काहीतरी राहिलं असेल. पुन्हा बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही, आणि नाहीही म्हणायचं नाही. शेजारच्या शेफालीबौदीला, म्हणजे शेफालीवहिनीला, सगळं सांगितलं आणि बरोबर चल म्हटलं. बौदी शिकलेली, कॉलेजात शिकवायची. तिला मजा वाटली. आम्ही दोघी भर दुपारी बराकपूरला गेलो. लख्ख ऊन होतं.

आधी मी ठेवलं. तेच. काठ भाजतो, दूध गार. मग बौदीने पातेली उतरवली, तेच दूध, तोच स्टोव्ह, पुन्हा स्वतःच्या हाताने ठेवलं. थोड्या वेळात कडेने बुडबुडे आले.

"फुटछे तो, दिदी," ती म्हणाली. उकळतंय की.

मी म्हटलं, ओतून टाक. नवीन दूध घेतलं. मी ठेवलं. बौदी शेजारी बसून बघत होती, आता हसत नव्हती. बऱ्याच वेळाने तिने त्यात दोन बोटं बुडवली, पदराला पुसली आणि नदीकडे बघत बसली. मग म्हणाली, तू स्वयंपाक करू नकोस म्हणजे झालं. स्वयंपाकी ठेव.

संध्याकाळी ह्यांनीही तेच सांगितलं. इतकी चांगली जागा, परवानगी हातात, मुली लष्कराच्या शेजारी सुरक्षित. तू नुसती देखरेख कर. त्यात चूक काहीच नव्हतं. पण माझ्या मनातून जाईना — सगळ्यांचं तापतं, माझंच तापत नाही. म्हणजे खोट जागेत नाही. जागेचं माझ्याशी काहीतरी आहे. आणि मुली येणार त्या माझ्या नावावर. त्यांना तिथे निजवायचं आणि मी दुसऱ्याच्या हातचं वाढायचं? एखादीला काही झालं तर तिच्या आईला मी काय सांगू, मला कळलं होतं, पण मी स्वयंपाकी ठेवला?

"आणि मी घोषबाबूंना काय सांगू?" हे म्हणाले. "बायकोचं दूध तापलं नाही?"

"तसंच सांगा."

ते आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मी कुसुमला तार केली की तंबू रद्द, मुली घरांत उतरतील. बालीगंज आणि बेहाला मिळून आमची सात-आठ मराठी घरं होती. दारोदार जाऊन मी प्रत्येकीच्या गळ्यात दोन-तीन मुली मारल्या. कुणाला खरं कारण सांगितलं नाही. शहरात गडबड आहे, एवढंच.

हावड्याला गाडी आली. कुसुम उतरली तीच तोंड पाडून. मुलींना रांगेत उभं केलं आणि मला बाजूला घेतलं.

"जागा नव्हती का?"

"होती. चांगली होती."

"मग?"

मी सांगितलं. सगळं, बौदीपर्यंत.

"ताई, दूध तापलं नाही म्हणून तू माझा कॅम्प मोडलास?"

"हो."

त्यानंतर ती फक्त मुलींशी बोलली.

पुढचं ऐका. तिसऱ्या दिवशी बेहालाच्या ज्या गल्लीत चार मुली उतरल्या होत्या, तिथे भरदिवसा बॉम्ब फुटला. खिडकीच्या काचा आत आल्या. बाहेरचा आरडाओरडा ऐकून मुली आधीच पलंगाखाली शिरल्या होत्या, कुणाला ओरखडाही नाही, पण एकीची बोलतीच बंद झाली, दोन दिवस तिला भरवावं लागलं. कुसुम मला एवढंच म्हणाली, "छावणीशेजारी तंबूत असत्या तर?"

मुली गेल्या. शाळेने ते शिबिर धरलंच नाही, सहल धरली. कुसुमची नोकरी पक्की झाली नाही. पुढे ती अमरावतीला दुसऱ्या शाळेत लागली, तिथेही बरीच वर्षं तात्पुरतीच. राखी यायची, पत्र नसायचं.

जानेवारीत मी एकटी बराकपूरला गेले. हरिपदला विचारलं, नाताळात इथे काय झालं? तो म्हणाला, कुठल्याशा शाळेची मुलं तंबू ठोकून राहिली, खेळली, गाणी म्हटली, गेली. साप? नाही. आग? नाही. भिंत पडली, कोणी नदीत गेलं? त्याची बायको माझ्या तोंडाकडे बघायला लागली. खरं सांगते, तिथे काहीतरी झालं असतं तर बरं, असं मला त्या वेळी वाटलं. लोकांच्या पोरांचं. इतकी मी खाली आले होते.

आमची बदली झाल्यावर सगळं मागे पडलं. हे गेले तेव्हा कुसुम राहायला आली. बाराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. तिने मान वर न करता विचारलं,

"खरंच गार होतं?"

"होतं."

"मी शाळेत सांगितलं, शहरात दंगल आहे म्हणून तंबू नाहीत. दूध तापत नाही हे कोणाला सांगणार होते?" थोडा वेळ तिने खडे वेचले. "मी तुझ्या जागी असते ना ताई, तर मुलींना तिथेच नेलं असतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आणि मी आजही नाहीच म्हणेन."

"का पण?"

तेच तर मला सांगता येत नाही. ज्यांना कळत असेल त्यांनी लिहा, सून वाचून दाखवेल. रॉकेलचं सोडून.